वंगणतेल खवट होते तेव्हा

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात शिरला, की सौंसरच्या अलीकडे लोधीखेड्याचा परिसर लागतो. राज्य हिंदी भाषकांचे. पण सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा हा पट्टा बोलीने, शेतीने आणि बाजारहाटाने विदर्भाशी जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे गाव मोडते. संत्री आणि कापूस ही इथली पिके. आपल्याकडे डिचोलीचे नाव जसे समयांशी, तसे लोधीखेड्याचे नाव पूर्वापार तांब्या-पितळेच्या भांड्यांशी जोडले गेले आहे.

यंत्राच्या तेलाविषयीच्या लेखाचा आरंभ या गावापासून करण्यास कारण आहे. इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये घातलेले तेल मुख्यतः तीन गोष्टी बिघडवतात : उष्णता, हवा आणि तांबे. लोधीखेड्याच्या परिसरात उन्हाळ्याचा दाह विदर्भासारखाच असतो. जवळच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तांबे तर त्या गावाच्या ओळखीतच आहे. गोव्यात ऊन तितके कडक नाही, परंतु येथे चौथा शत्रू येऊन मिळतो, तो म्हणजे पाणी. संत्र्याच्या बागेतील ट्रॅक्टर असो वा मालीम धक्क्यावरचा ट्रॉलर, दोहोंतील तेलाचा अंत एकाच रासायनिक क्रियेने होतो. तिला ऑक्सिडीभवन म्हणतात.

घरात या क्रियेला दुसरे नाव आहे. बरणीच्या तळाशी राहिलेले तेल, फार दिवस ठेवलेले सुके खोबरे किंवा जुने शेंगदाणे खवट होतात, तेव्हा त्यांतील स्निग्ध पदार्थाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झालेला असतो. नाकाला जाणवणारा तो उग्र वास बहुतांशी अल्डिहाइडे व तत्सम संयुगांचा असतो. खोबरेल तेल संपृक्त असल्यामुळे या क्रियेला बराच काळ दाद देत नाही. जवसाचे तेल मात्र अगदी लवकर तिच्या अधीन होते. विदर्भात आणि सौंसर भागात जवस चटणीसाठी घरोघरी असतो, पण त्याच्या तेलाचा जगभरचा मोठा उपयोग रंगात झाला. पातळ थर लावला, की जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून काही दिवसांत चिवट पापुद्रा बनते. ते ‘वाळते’ असे आपण म्हणतो, वास्तविक त्यातून काही उडून जात नाही. उलट वाळताना त्याचे वजन वाढते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते तेल अधिक लवकर वाळावे म्हणून त्यात शिसे, कोबाल्ट किंवा मँगॅनीज यांची संयुगे घालण्याची रीत आहे. मँगॅनीजचा उल्लेख आलाच आहे तर हेही नोंदवावे, की मध्य भारतातील मँगॅनीजयुक्त खडकांच्या ज्या मालिकेला भूशास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ म्हणतात, तिला हे नाव लोधीखेड्याच्या शेजारच्या सौंसरवरूनच मिळाले आहे.

रंगात जे हवे असते, तेच यंत्रात घातक ठरते. इंजिनाच्या आत पिस्टनवर आणि कड्यांच्या खाचांत जो तपकिरी, लाखेसारखा थर चढतो, तो एका अर्थाने नको त्या ठिकाणी वाळलेला रंगच होय.

बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून एरंडेल वापरत, आणि हिंदुस्थानातील रेल्वेनेही आरंभीच्या काळात एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरले. कॅस्ट्रॉल हे विख्यात व्यापारी नावसुद्धा एरंडाच्या इंग्रजी नावावरून आलेले आहे. एरंडेल उत्तम वंगण आहे, परंतु तापले की चिकट होते, डिंकासारखे बसते. खनिज तेलाने त्याची जागा घेतली याचे एक प्रमुख कारण ऑक्सिडीभवनाला असलेला खनिज तेलाचा अधिक प्रतिकार हे आहे. हा प्रतिकार अधिक आहे, अमर्याद नाही.

खनिज तेलाचा रेणू हा कार्बन आणि हायड्रोजन यांचा बनलेला असतो. उष्णतेने एखाद्या रेणूतील हायड्रोजनचा अणू निसटला, की उरलेला भाग अत्यंत क्रियाशील असा मुक्त मूलक बनतो. तो जवळचा ऑक्सिजन तत्काळ पकडतो आणि मग शेजारच्या धडधाकट रेणूचा हायड्रोजन हिरावून घेतो. पहिला रेणू या प्रकारे हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत झाला, तरी दुसरा मूलक बनून तिसऱ्याच्या मागे लागतो. साखळी अशी चालू राहते. पुढे हायड्रोपेरॉक्साइडही उष्णतेने फुटते आणि एकाचे दोन मूलक होतात. म्हणजे साखळीला फाटे फुटतात आणि वेग झपाट्याने वाढतो. या धुमश्चक्रीतून अल्कोहोले, अल्डिहाइडे, कीटोने आणि शेवटी सेंद्रिय आम्ले निर्माण होतात. आम्ले बेअरिंगच्या शिसे-तांब्याच्या अस्तराला खातात. तुटके रेणू परस्परांना चिकटून मोठे होतात, तेल दाट होते, आणि ते मोठे रेणू तेलात विरघळेनासे झाले की गाळ म्हणून खाली बसतात किंवा धातूवर थर धरतात. पंपाच्या गाळणीत हा गाळ अडकला, की वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. इंजिन जॅम झाल्यावर फिटर जे ‘तेल कमी पडले’ असे निदान करतो, ते पुष्कळदा अर्धेच खरे असते. चेंबरमध्ये तेल भरपूर होते. ते हलण्याच्या अवस्थेत नव्हते.

उष्णतेचा हिशेब सोपा आणि कठोर आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले, की ऑक्सिडीभवनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. जे तेल ७० अंशांवर ८,००० तास टिकेल, ते त्याच यंत्रात ८० अंशांवर ४,००० आणि ९० अंशांवर २,००० तासच टिकेल. ठोकताळा तो ठोकताळाच, परंतु त्याची दिशा चुकीची नाही. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. त्यामुळे पणजीत मे महिन्यात ३३-३४ अंश असोत वा सौंसरकडे ४५, इंजिनाच्या पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची हायड्रॉलिक टाकी यांना असा रक्षक बहुधा नसतो. भोवतालच्या हवेचे दहा-बारा अंश त्यांच्या तेलात जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. जिनिंगमध्ये उडणारा कापसाचा तंतू टाकीवर आणि कूलरच्या पात्यांवर थर करून बसला, तर उष्णता बाहेर जाण्याची वाटही बुजते. तंतू झाडून काढणे हे तिथे स्वच्छतेचे नव्हे, तेल वाचवण्याचे काम असते.

हवा तर तेलात मुळातच असते. सामान्य दाबाखाली खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. टाकीतील पातळी खाली गेली, ओढनळीचा जोड सैल झाला, तर त्यापलीकडे बुडबुड्यांच्या रूपाने आणखी हवा मिसळते. पंपात हे बुडबुडे अकस्मात दाबले जातात, तेव्हा त्यांच्या आतील तापमान क्षणभर इतके वाढते की भोवतालचे तेल करपते.

आता तांब्याकडे येऊ. तांबे स्वतः खर्ची न पडता हायड्रोपेरॉक्साइड फोडण्याचे काम करते, म्हणजे ते उत्प्रेरक आहे. लोखंडही हेच करते, परंतु तांबे त्याहून तीव्र. तेलात विरघळलेले तांब्याचे अत्यल्प अंशसुद्धा पुरेसे होतात. यंत्रातून तांबे टाळणे शक्य नसते : बुश ब्राँझचे, ऑइल कूलरच्या नळ्या तांब्याच्या, वॉशर तांब्याचे, वर्म गिअरचे चाक ब्राँझचे. तेलाच्या प्रतिकारशक्तीची प्रयोगशाळेत परीक्षा घेतात, तेव्हा तांबे मुद्दाम आत सोडतात. टर्बाइन तेलाच्या एका जुन्या आणि सर्वमान्य चाचणीत ३०० मिलिलिटर तेल, ६० मिलिलिटर पाणी आणि लोखंड व तांब्याच्या तारांचे वेटोळे एकत्र ठेवून ९५ अंश तापमानात त्यातून सतत ऑक्सिजन सोडतात, आणि आम्लता ठरावीक मर्यादेला पोहोचेपर्यंत किती तास लागले ते मोजतात. उत्तम तेलाला हजारो तास लागतात. म्हणून घाईच्या कामासाठी दुसरी चाचणी आहे : बंद भांड्यात तेल, थोडे पाणी आणि तांब्याचे वेटोळे, तापमान १५० अंश, ऑक्सिजनचा दाब सुमारे ६२० किलोपास्कल. भांडे फिरत राहते. तेलाने ऑक्सिजन शोषून घेतला की दाब पडतो. दाब ठरावीक पातळीने पडेपर्यंतची मिनिटे हेच तेलाचे उरलेले आयुष्य. वापरातील टर्बाइन तेल नव्या तेलाच्या २५ टक्क्यांपर्यंत उतरले, की ते धोक्याच्या रेषेवर आले असे मानतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यांत वाढलेल्या पिढ्यांना यातील तत्त्व नवे नव्हते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून भांड्याला आतून कल्हई करीत. कथलाचा तो पातळ थर अन्न आणि धातू यांच्यामध्ये उभा राहतो. वंगणतेलाचे रसायनशास्त्र नेमके हेच करते. तेलात बेन्झोट्रायाझोल वर्गातील द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले, की ते तांब्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे आवरण धरते. तांबे यंत्रात राहते, पण तेलाला भिडत नाही. भांड्याची कल्हई उडाली तर दिसते. ही कल्हई उडाल्याचे प्रयोगशाळेवाचून कळत नाही.

तेलातील खरे पहारेकरी मात्र प्रतिऑक्सिडीकारके. फिनॉल आणि अमाइन वर्गातील द्रव्ये मुक्त मूलकाला आपला हायड्रोजन देऊन शांत करतात व स्वतः संपतात. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग हायड्रोपेरॉक्साइड फोडून निरुपद्रवी करते, शिवाय झीजही रोखते. इंजिन तेलात ते अनेक दशके प्रमुख आहे. सर्व इंजिनांना ते चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅसलरॉक ते कुळें या १ : ३७ चढाच्या घाटात हुबळी शेडची ४,००० अश्वशक्तीची जी डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिने वर्षानुवर्षे खनिजाच्या आणि कोळशाच्या गाड्या ओढत व ढकलत आली, त्यांचा आराखडा अमेरिकन. त्या घराण्याच्या इंजिनांत पिस्टन-पिनच्या बेअरिंगला चांदीचा मुलामा असतो. जस्ताचे संयुग चांदीला खाते, म्हणून त्या इंजिनांचे तेल जस्तविरहित असावे लागते. ‘महाग ते चांगले’ या न्यायाने तेल निवडणाऱ्याला इथे चांदीचाच भुर्दंड पडेल. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तेलाचे नमुने नियमितपणे प्रयोगशाळेत जातात आणि त्यांतील तांबे, शिसे, लोखंड यांचे प्रमाण वर्णपटाच्या साहाय्याने मोजले जाते. आतला कोणता भाग झिजू लागला, हे इंजिन न उघडता समजते.

पहारेकरी संपत जातात, हा या विषयाचा गाभा आहे. प्रतिऑक्सिडीकारक शिल्लक असते तोवर तेलाची आम्लता वाढत नाही, दाटपणा बदलत नाही, वासही तोच राहतो. महिनोन्महिने काही घडत नाही असे वाटते. ते संपले की मात्र साखळी मोकाट सुटते आणि थोड्या अवधीत तेल कोसळते. सरळ उतारावरून खाली येणाऱ्या गाडीसारखी ही घसरण नसते. ती पठारावरून कड्याकडे चालत जाण्यासारखी असते. ‘अजून चांगले दिसते आहे, आणखी एक हंगाम काढू’ हा विचार येथे फसतो, कारण चांगले दिसणे हे पठारावर असल्याचे लक्षण आहे. कडा किती पावलांवर आहे ते त्यावरून कळत नाही.

रंगावरून परीक्षा करण्याची सवय तर याहून फसवी. डिझेल इंजिनातील नवे तेल काही तासांतच काळे पडते. तो काळेपणा काजळीचा असतो. काजळी गाळ होऊन बसू नये म्हणून तिला तेलातच तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, तेव्हा काळे तेल आपले काम करीत असते. याउलट कॉम्प्रेसरमधील तेल मधासारखे तांबूस, स्वच्छ दिसत असताना आतून आम्लधर्मी झालेले असू शकते. वास अधिक विश्वासार्ह आहे. करपट, आंबूस वास येऊ लागला, की पहारेकरी गेले असे समजावे; मात्र तोवर उशीर झालेला असतो.

वर्षातून थोडेच तास चालणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. बागेतील फवारणीपुरता निघणारा ट्रॅक्टर, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना धक्क्याला बांधलेला ट्रॉलर, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर यांचे तास भरत नाहीत, म्हणून तेल तसेच ठेवले जाते. बंद इंजिनातही ज्वलनातून आलेली आम्ले आणि बाष्प तेलात असतात. थोडा वेळ चालवून बंद केलेले इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे हे बाष्प उडूनही जात नाही. निर्मात्याने तासांबरोबर महिन्यांचीही मर्यादा दिलेली असते, ती याच कारणाने. दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळायची असते. ट्रॉलर बांधून ठेवण्यापूर्वी तेल बदलणे हे मोसम सुरू होताना बदलण्यापेक्षा शहाणपणाचे. जुन्या तेलातील आम्लांना दोन महिने बेअरिंगच्या सहवासात ठेवण्यात काही फायदा नाही.

मांडवी-झुआरीतील बार्जेस आणि मच्छीमार नौका यांच्या बाबतीत पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पाणी तेलात मिसळले की तेल दुधाळ चहासारखे दिसते. हे पाणी वंगणाचा पापुद्रा तोडते आणि लोखंड-तांब्याच्या जोडीने ऑक्सिडीभवनाचा वेगही वाढवते. शिवाय जस्ताच्या त्या संयुगाचे विघटन करते, म्हणजे पहारेकऱ्यांनाच फितवते. खारे पाणी असेल तर क्षारांनी गंज चढतो आणि गंजातून आणखी लोखंड तेलात येते. कूलरच्या नळीला बारीक छिद्र पडून खारे पाणी शिरले असेल, तर केवळ तेल बदलून भागत नाही. नळी शोधावी लागते.

तेल बदलताना होणारी एक चूक लोधीखेड्यापासून काणकोणपर्यंत सारखीच आढळेल : जुने तेल पुरते न काढता वरून नवे ओतणे. जुन्या तेलातील पेरॉक्साइडे आणि आम्ले नव्या तेलातील पहारेकऱ्यांवर पहिल्या दिवसापासून तुटून पडतात. पाव हिस्सा जुने तेल तळाशी राहिले, तर नवे तेल जन्मतःच अर्धवयस्क होते. म्हणून तेल गरम असताना, इंजिन बंद केल्यावर थोड्याच वेळात काढावे; तेव्हा ते पातळ असते आणि गाळ सोबत घेऊन येते. फिल्टर त्याच वेळी बदलावा, कारण त्यातही जुने तेल साठलेले असते. टर्बो असलेला ट्रक लांबचा चढ चढून आल्याबरोबर बंद करू नये, असे जुने चालक सांगतात ते खरे आहे. टर्बोची तापलेली धुरी थांबते, तेलाचा प्रवाह थांबतो, आणि तिथे अडकलेले तेल जागच्या जागी जळून कोळसा होते. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवले तर हे टळते.

सुट्या तेलाचा मोह हाही खेड्यातून आणि बंदरातून सारखाच. डब्यातून मोजून मिळणारे तेल बोटांना बुळबुळीत लागते, रंगही ठीक असतो. त्यात पहारेकरी आहेत की नाहीत, ते बोटांना कळत नाही. इंजिन तेलासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३६५६ हे मानक आहे. डब्यावरील श्रेणी आणि यंत्राच्या पुस्तिकेतील श्रेणी जुळली की बहुतेक प्रश्न सुटतो.

रस्त्याकडेच्या वीज ट्रान्सफॉर्मरमध्येही हेच नाट्य चालू असते, फक्त तिथे तेल वंगण नसून विद्युत् निरोधक आणि उष्णतावाहक असते. त्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांची वेटोळी बुडालेली असतात, वेटोळ्यांभोवती कागद असतो. तेल आम्लधर्मी झाले की कागद ठिसूळ होतो, आणि कागद बदलता येत नाही. तेल दिवसा तापून फुगते, रात्री आकसते, आणि या श्वासोच्छ्वासात बाहेरची हवा आत येते. तिच्यातील ओलावा टिपण्यासाठी नळीच्या टोकाला सिलिका जेलचे काचेचे भांडे असते. त्यातील निळे दाणे गुलाबी झाले, की ते भिजलेले असतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ते किती लवकर गुलाबी होतात, हे कुणीही जाता-येता पाहू शकेल.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न राहतो. ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणे, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावणे, धूळ बसवण्यासाठी अंगणात शिंपडणे हे प्रकार सर्वत्र चालतात. वापरलेल्या इंजिन तेलात ज्वलनातून आलेली बहुचक्रीय ॲरोमॅटिक संयुगे असतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत, म्हणून त्याचा त्वचेशी वारंवार संपर्क टाळावा. विहिरीच्या किंवा ओहोळाच्या काठी ते ओतणे तर पिण्याच्या पाण्यात ओतण्यासारखे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादकांवर आणि आयातदारांवरही ते परत गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला जाईल हे पाहण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. पुनर्प्रक्रियेत ऑक्सिडीभवनाने बनलेली आम्ले, गाळ आणि पाणी काढून टाकले, की उरलेल्या धडधाकट रेणूंचे पुन्हा मूळ तेल होते. त्यात नवी प्रतिऑक्सिडीकारके मिसळून ते वंगण म्हणून परत वापरता येते. त्यासाठी ते गॅरेजमध्ये झाकणाच्या पिंपात, पाणी, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर न मिसळता साठवलेले असावे लागते.